बायको नसण्याचे दहा गुण

ऑस्ट्रेलियात कुशल कामगार म्हणून गुणांवरच्या व्हिसाने कायमचं राहायचं तर निदान ६५ गुण लागतात. पत्रिका जुळवताना आपण ३६ पैकी १८ वर भागवतो; तिकडचे भटजी जरा कडक आहेत. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, चाळिशी गाठली की १५, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की दार बंद.

खरी गंमत जोडीदाराच्या रकान्यात आहे. अर्जदार सडाफटिंग असेल तर १० गुण. बायको तिकडच्या सरकारी यादीतल्या व्यवसायात तरबेज, वर इंग्रजीही चांगलं, तरी १०च. म्हणजे इंजिनिअर बायको असणं आणि बायकोच नसणं, दोन्ही एकाच भावात! नुसतं इंग्रजी बरं असेल तर ५. नवऱ्याला मायदेशातल्या आठ वर्षांच्या अनुभवाचे १५ गुण मिळतात; ती आठ वर्षं रोज पहाटे उठून डबा भरणारीच्या नावावर मात्र भोपळा. शिवाय तिला कामचलाऊ इंग्रजी सिद्ध करता आलं नाही, तर जवळपास पाच हजार डॉलर जादा.

आईवडील? २०१६ पासून त्यांना या अर्जात अवलंबित म्हणून घेत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा व्हिसा आहे. त्यातला स्वस्त प्रकार निवडलात तर प्रतीक्षा तीसेक वर्षांची. सत्तरीतल्या बाबांनी आज अर्ज भरावा, शंभरीला बोलावणं येईल.

आणि हो, अर्ज नामंजूर झाला तरी भरलेलं शुल्क सहसा परत मिळत नाही.