पातळी सोडलेले पेडल

व्याधी जडायचीच असेल तर ती निदान थोरामोठ्यांच्या पंक्तीत बसण्याजोगी असावी, ही आकांक्षा मी माझ्या तांबड्या, दोन आसनी मोटारीच्या बाबतीतही बाळगून होतो. आणि म्हणूनच, जेव्हा तिचे ब्रेकचे पेडल कधी बोटभर दाबताच पाषाणवत् घट्ट लागे, तर कधी थेट तळ गाठून दुसऱ्या दाबाला निर्विकारपणे पुन्हा वर येई, तेव्हा ‘लाइनीत हवा असेल’ असे म्हणणाऱ्या भोपाळातील प्रत्येक जाणकाराचा मला मनस्वी संताप आला. हवा काय, कोणाच्याही मोटारीत शिरते. भाजी आणायला जाणाऱ्या मोटारीतसुद्धा शिरते. माझी मोटार बुद्ध सर्किटावर धावून आलेली होती.

हे सर्किट ५.१२५ किलोमीटर लांबीचे असून त्यास सोळा वळणे आहेत, आणि त्यातला एक सरळ पट्टा किलोमीटरहून अधिक लांब आहे, ही माहिती मी तोवर विचारलेल्या व न विचारलेल्या सर्वांस पुरवली होती. त्या पट्ट्याच्या शेवटी पेडल पोकळ लागले तेव्हा काय वाटले, हे मात्र मी कोणास सांगितले नाही. तेथील एका अनुभवी गृहस्थांनी उच्चारलेला ‘नॉक-बॅक’ हा शब्द मी पदवीसारखा घेऊन घरी आलो. वेगाने वळण घेताना चाकावर आडवा भार येतो, हब किंचित कलते, त्याबरोबर डिस्क कलते, आणि ती कॅलिपरातल्या पिस्टनांना मागे लोटते. मग पुढच्या दाबातले तेल पिस्टन जागेवर आणण्यातच खर्ची पडून पेडल खाली जाते. जॅग्वारने १९५३ साली ज्यांच्या बळावर ल मांची शर्यत जिंकली, त्या डिस्क-ब्रेकांच्या कुळातले हे दुखणे! असे दुखणे सोडून हवेवर कोण समाधान मानील?

शिवाय भोपाळात राहणाऱ्या मराठी माणसास वेगाचा अभिमान वडिलोपार्जित वतनासारखा मिळतो. १७३७ च्या अखेरीस पहिल्या बाजीरावाने निजामास याच गावी कोंडले आणि पुढच्या जानेवारीत दोराह्याच्या तहात माळवा व पन्नास लाख रुपये कबूल करवून घेतले, ही हकीकत मी बडा तालाब दाखवायला नेलेल्या प्रत्येक पाहुण्यास, बहुधा गाडी चालवता चालवता, ऐकवीत असतो. आता सांगताना मात्र एक गोष्ट ध्यानात येते, आणि विषयांतराचा दोष पत्करूनही ती नमूद करणे मला भाग आहे: आम्ही बाजीरावाची दौड तेवढी गातो, परंतु भोपाळास त्याने केले ते दौडण्याच्या नेमके उलट. निजामाच्या जड तोफखान्यावर घोडी घालण्याचा मोह त्याने आवरला, धान्याच्या व चाऱ्याच्या वाटा रोखल्या, आणि तो थांबला. अठराव्या शतकातला सर्वांत वेगवान मराठा येथे जिंकला तो थांबण्याच्या कलेवर. पण थांबण्याचे पोवाडे कोण रचतो? (तालाबाच्या काठी ही मीमांसा एका पाहुण्यास सांगितली असता त्याने फक्त ‘पुढे बघा’ एवढेच म्हटले.)

असो. तपास रीतसर झाला. प्रथम ब्रेक ऑइलची जबानी. डॉट-४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांवर उकळते, परंतु ते हवेतली आर्द्रता शोषून घेत असल्याने पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मात्र आमचे पेडल थंड गाडीतही रुसत असल्याने तेलाची निर्दोष मुक्तता झाली. मग मास्टर सिलिंडर: पेडल एकाच दाबाने धरून ठेवले असता ते हळूहळू खचते काय? खचले नाही. उरली ती हवा, आणि ती नाही हे सिद्ध करण्यासाठी मला ती काढणे प्राप्त झाले.

या कामास दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकापाशी निपल सैल करून पुन्हा आवळावे, आणि ते आवळल्याखेरीज पहिल्याने पाय उचलू नये. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून प्रारंभ करून मी जमिनीवर आडवा पडल्यापडल्या ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ असे हुकूम सोडत होतो आणि सौभाग्यवती ते मुकाट्याने बजावत होत्या. चौथ्या चाकाशी आल्यावर वरून आवाज आला, “सरळ रस्त्यावर तुम्ही एकदाच दाबता. भदभद्याकडची वळणं झाली की दोनदा.”

मी गाडीखालून बाहेर आलो. शेजारच्या आसनावर बसून ही बाई तलाव पाहते, डोंगर पाहते, अशी माझी समजूत होती. ती सारा वेळ माझ्या पायाकडे पाहत होती. याची तिने कधी तक्रार केली नव्हती, आणि ‘हळू चालवा’ हे दोन शब्दही तिच्या तोंडून ऐकल्याचे मला स्मरत नाही. मला काही क्षण काय बोलावे ते सुचेना, आणि हातातला पाना मी उगाच पुसत राहिलो.

जुन्या शहरातल्या मिस्त्रीने ही साक्ष ऐकली, पुढचे डावे चाक जॅकवर घेतले, वर व खाली हात लावून ते हलवले, आणि खट् असा आवाज होताच माझ्याकडे न पाहता म्हटले, “बेअरिंग.” बेअरिंग ढिले, म्हणून हब डोले, हब डोले, म्हणून डिस्क पिस्टन लोटी. म्हणजे नॉक-बॅकच! माझे निदान अक्षरशः खरे ठरले होते, आणि त्या भरात पावतीवर तो शब्द लिहून देण्याची विनंती मी मिस्त्रीस केली. तो लिहिता लिहिता थांबला.

“को खां, यह कौन-सा पुर्जा है? इसके कितने लगाऊं?”