नाक्यावरची माणसं

सिंगापूर,
रविवार, रात्र

ती. आई-नानांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र अशासाठी की फोनवर सांगायला लागलो की नाना "बिल वाढतंय" म्हणून ठेवून देतात. व्हॉट्सअ‍ॅपला बिल येत नाही हे त्यांना या जन्मी पटायचं नाही.

शनिवारी आम्ही तिघं परदेशी जाऊन आलो. "परदेशातच तर राहतोस, आणखी कुठं गेलास?" असं आई विचारेल. मलेशियात, जोहोर बाहरूला. कनेरगाव नाक्याहून वाशीमला जावं, तसं. फक्त पैनगंगेऐवजी मध्ये समुद्राची खाडी, आणि तिच्यावर किलोमीटरभर लांबीचा शंभर वर्षांचा बांध. या बांधावरून रोज तीन लाखांवर माणसं ये-जा करतात. काल ती सगळी माझ्याच पुढं उभी होती.

पद्धत अशी. बस सिंगापूरच्या नाक्यावर थांबते. सामानासकट उतरायचं, पासपोर्ट तपासून घ्यायचा, पुन्हा बस धरायची. बांध ओलांडला की पुन्हा उतरायचं, पुन्हा तपासणी. मी सवयीनं दर वेळी आमची हजेरी घेत होतो. तिघंही हजर, गैरहजर निघाली ती चिरंजीवांची पाण्याची बाटली. ती पहिल्या बसमधून एकटीच पुढं गेली.

स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांची गंमत वेगळी. जोहोरला पेट्रोल स्वस्त, म्हणून सिंगापूरची गाडी पाऊण टाकी भरल्याशिवाय हद्दीबाहेर सोडत नाहीत. लग्नाला घरून जेवून जा म्हणण्यातलाच प्रकार.

मलेशियाच्या खिडकीवर साहेबानं धंदा विचारला. "टीचर" म्हटलं. तो म्हणाला, "आह, गुरू!" मलय भाषेत शिक्षकाला गुरूच म्हणतात. वीस वर्षं खडू झिजवला, पण कुणी गुरू म्हणालं ते परक्या देशाच्या नाक्यावर. मी ताठ झालो. तेवढ्यात सौ.ला कळलं की मलयमध्ये नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात, म्हणजे आपला स्वामीच. हा शब्द घरी न्यायला तिनं साफ नकार दिला. त्यावर जकात बसली असती तरी मी भरली असती.

पुढं खरी परीक्षा. नानांनी पाठवलेल्या वसमतच्या हळदीतली अर्धा किलो मी सोबत घेतली होती. ती ज्यांच्याकडे न्यायची ते जोहोरचं कुटुंब मूळचं वाशीमचं. सामान यंत्रातून जात होतं. मी तोंडावर काही दिसू न देता उभा. आणि तपासणीवाल्यानं काही विचारायच्या आत चिरंजीव इंग्रजीत मोठ्यानं म्हणाले, "माझ्या बाबांच्या बॅगेत पिवळी पावडर नाहीये!"

रांग थबकली. बॅग उघडली. पुडी सुटली. साहेबानं वास घेतला आणि हसला, "कुंयित!" मलयमध्ये हळद म्हणजे कुंयित. माझ्या सदऱ्यावर जी सांडली, ती मात्र अजून निघालेली नाही. पाहुण्यांच्या दारात मी हळद लागलेल्या नवरदेवासारखा उभा राहिलो.

त्यांच्याकडं झुणका-भाकर झाली. मग वाद झाला, आमची मराठवाडी बरोबर की त्यांची वऱ्हाडी. दोघंही 'काहून' म्हणतो हे ध्यानात आल्यावर मिटला. येताना बाजारहाट केला. सिंगापूरच्या एका डॉलरला तीनाहून जास्त रिंगिट मिळतात, त्यामुळं सौ.नं गरज नसलेल्या वस्तूही स्वस्तात आणल्या.

परतीच्या रांगेत दोन तास उभं राहताना आजी आठवली. निजामाच्या राज्यातून इंग्रजांच्या वऱ्हाडात वाशीमच्या बाजाराला जाणं म्हणजे तिच्या लहानपणी असंच परदेशी जाणं होतं. पैसाही वेगळा, निजामाचे सात हाली रुपये मोजावेत तेव्हा इंग्रजांचे सहाएक कलदार हाती यायचे. करोडगिरीवाला, म्हणजे जकातीचा शिपाई, गाठोडं सोडायला लावायचा. तिच्या मायनं एकदा ओच्यात गुळाचा खडा लपवला आणि वर आजीला कडेवर घेतलं. शिपायानं नुसतं पाहिलं, तर आजी म्हणाली, "माह्या मायच्या वच्यात गूळ नाही!" गूळ गेला, वर पाठीत धपाटा.

१९४८ साली निजामाचं राज्य गेलं, पुढं जकातही गेली, दोन मुलुखांचा एक झाला. आपल्याकडं उरला तो गावाच्या नावातला नाका. इथं उलटं, १९६५ पर्यंत ही दोन्ही गावं एकाच देशात होती, आता मध्ये तपासणी आणि रांगा.

हे पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. तिला म्हणावं, पणतू कुणावर गेलाय याचा दाखला नाक्यावर मिळाला. त्याला धपाटा मी दिला नाही. तो हक्क तिचा, दिवाळीला आलो की तिनंच द्यावा.

आणि नाना, हळद पुन्हा पाठवा. या खेपेला कोऱ्या सदऱ्यासकट.

आपला,
गुरू (मलेशियापुरता)