हिरव्याचे आकडे काढा

लाल दिव्याशेजारचा आकडा पाचवर आला की पिंपरी-चिंचवडच्या चौकांत मागून हॉर्न सुरू होतात. तीनवर क्लच सुटतो. एकवर पुढची रांग झेब्रा पट्टी ओलांडून गेलेली असते. तेवढ्यातच आडव्या रस्त्यावरचा हिरवा संपलेला असतो आणि तो गाठायला वेग वाढवलेली शेवटची दुचाकी चौकात घुसते. एकाला लवकर निघायचंय, दुसऱ्याला उशिरा शिरायचंय. दोघांची गाठ चौकाच्या मध्यावर पडते.

स्पष्ट बोलतो. लाल दिव्याचा टायमर उपयोगाचा आहे, हिरव्याचा घातक आहे. दोन्ही आकडे एकाच डब्यात दिसतात म्हणून त्यांचा हिशोब एक धरू नका.

किती थांबायचंय हे कळलं की माणसाची घालमेल कमी होते. नव्वद सेकंद दिसले तर इंजिन बंद करता येतं. दिल्ली सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये प्रदूषण रोखायला ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम काढली. आकडा समोर असेल तर असं आवाहन पाळणं सोपं जातं. हिरवा लागल्यावर गिअर टाकण्यात जाणारा वेळही वाचतो.

आता हिरव्याचं गणित. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे सरकते. आकडा तीन दाखवतोय आणि थांबरेषा 60 मीटरवर आहे, असं समजा. चालकाने ठरवलं तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत 14 मीटर आणि बेताच्या ब्रेकने आणखी 32 मीटर, म्हणजे 46 मीटरमध्ये गाडी आरामात थांबते. उलट त्याच वेगाने गेला तर तीन सेकंदांत तो 42 मीटरच जाईल, रेषा गाठणार नाही. तरी ‘तीन’ वाचून हात मूठ पिळतो, पाय अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. चौकाजवळ येताना वेग उतरायला हवा, तिथेच तो चढतो.

टायमरचे समर्थक म्हणतात, आधी कळलं तर चालक वेळीच थांबेल. काही थांबतातही. या विषयावर परदेशांत झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हेही खरं. पण एकामागून एक येणाऱ्या दोन गाड्यांचा विचार करा. पुढचा ‘चार’ वाचून ब्रेक मारतो, मागचा तोच ‘चार’ वाचून वेग वाढवतो. मागून धडक बसते ती अशी.

पिवळ्या दिव्याचा पेच जुना आहे. गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या तिघांनी 1960 मध्ये त्याचं गणित मांडलं. पिवळा तोकडा असेल तर थांबरेषेअलीकडे असा पट्टा तयार होतो, जिथे सापडलेल्या चालकाला नीट थांबताही येत नाही आणि लाल लागण्याआधी पारही होता येत नाही. त्यावर उपाय पिवळ्याची वेळ वाहनांच्या वेगाप्रमाणे आणि चौकाच्या रुंदीप्रमाणे ठरवणं हा आहे.

हा हिशोब चाकणला जास्त लागू पडतो. तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्गाला तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेदतो. तिथे कंटेनर, नव्या मोटारी वाहणारे लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बस आणि पाळी सुटलेल्या कामगारांच्या दुचाकी एकत्र येतात. ट्रेलर 18 मीटरचा आणि चौक 30 मीटरचा धरू. शेपूट पलीकडे जाईपर्यंत त्याला 48 मीटर कापायचे आहेत. भरलेला ट्रेलर जागेवरून उठून ताशी 15 किलोमीटरने सरकला तर साडेअकरा सेकंद लागतात. हिरव्याच्या शेवटच्या सेकंदाला तो नियमाप्रमाणे चौकात शिरला तरी आडवी बाजू खुली होताना त्याचा मागचा भाग मध्येच असू शकतो. आणि आडव्या बाजूचा दुचाकीवाला तीनवरच निघालेला असतो. ट्रेलरच्या चालकाला आपल्या बगलेतला दुचाकीवाला दिसतही नाही.

तीनवर निघालेला माणूस स्वतःला सिग्नल तोडणारा समजत नाही. कायदा समजतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने लाल दिवा ओलांडणं धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे घातलं आहे. आकडा कितीही असो, दिवा लाल आहे तोवर लालच.

ज्याला आकड्याची सर्वांत जास्त गरज आहे, तो पायी चालणारा. अमेरिकेच्या 2009 च्या वाहतूक-चिन्ह नियमावलीने पादचारी सिग्नलच्या बहुतेक नव्या जागी उलटमोजणी सक्तीची केली. चिंचवड स्टेशनला उतरून कंपनीची बस गाठणाऱ्या कामगाराला किंवा नातवाचा हात धरून रस्ता ओलांडणाऱ्या आजीला उरलेले सेकंद कळले, तर त्या माहितीने जीव वाचतो. गाडीवाल्याला हिरव्याचे उरलेले सेकंद सांगून तोच जीव धोक्यात येतो.

वाहनांची गर्दी ओळखून वेळ बदलणारे सिग्नल आले की प्रश्न आणखी टोकदार होतो. हिरवा किती चालेल हे यंत्र ऐनवेळी ठरवणार असेल, तर आधी दाखवलेला आकडा खोटा ठरणार. मग तो दाखवायचाच कशाला?

पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालं आणि चाकण त्याच्याच हद्दीत आहे. म्हणून पोलीस, महापालिका आणि महामार्गाचे अधिकारी यांच्याकडे चार मागण्या. हिरव्याचे आकडे बंद करा. लालचे ठेवा, पण शेवटचे पाच सेकंद कोरे राहू द्या. ब्रिटनमध्ये हिरव्याआधी लाल आणि पिवळा दोन सेकंद एकत्र लागतात, तेवढी सूचना निघायला पुरते. जड वाहनांच्या चौकात सगळ्या बाजू एकाच वेळी लाल ठेवण्याचा काळ ट्रेलरच्या लांबीवरून ठरवा, मोटारीच्या नव्हे. आणि पादचाऱ्यांना त्यांचा टायमर द्या.

याला भूसंपादन लागत नाही, उड्डाणपूल लागत नाही. एका चौकात महिनाभर करा, आधी आणि नंतर किती जणांनी लाल तोडला ते कॅमेऱ्यावरून मोजा आणि ते आकडे लोकांसमोर जाहीर करा.