सायकल तिसऱ्या माळ्यावर

भाच्याला कॅनडाचा व्हिसा मिळाला आणि मला त्याची सायकल. "मामा, तू घेऊन जा, तुझ्या गुडघ्यांना बरी," असं तो म्हणाला. भंगारवाल्याने सांगितलेला भाव त्याला पटला नव्हता, हे ताईकडून नंतर कळलं.

सायकल साधी नव्हे, माउंटन बाइक. ही जात अमेरिकेतली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही हौशी पोरांनी जाड टायरच्या जुन्या सायकली टॅमलपायस नावाच्या डोंगराकडे नेऊन उतारावर सोडायला सुरुवात केली. उतार असा, की मागच्या ब्रेकातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्यांच्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. अशा उतारासाठी जन्मलेली ही वस्तू भाच्याने लालबागच्या टॉवरात, एकतिसाव्या मजल्यावर, हॉलच्या भिंतीला दोन हुक मारून टांगली होती. हँडलवर ताईचे हातरुमाल वाळत आणि चाकाच्या आऱ्यांत विजेची बिलं खोचलेली असत. घरात तिचा उपयोग होता, हे मान्य केलं पाहिजे.

ती खाली का ठेवली नाही? टॉवरला सहा मजली पोडियम पार्किंग आहे. मोटारीला स्टिकर मिळतो, स्कूटरला मिळतो. सायकलचा स्टिकर छापलेलाच नाही, आणि ज्याला स्टिकर नाही ते वाहन नव्हे, सामान. सामान पॅसेंजर लिफ्टने न्यायचं नाही. सर्व्हिस लिफ्ट त्या सकाळी कोणाच्या तरी टाइल्ससाठी राखून ठेवलेली. शेवटी ताई म्हणाली, "दुपारी दोनला सेक्रेटरी झोपतात." आम्ही दोनला निघालो.

माउंटन बाइक लिफ्टमध्ये आडवी मावत नाही. मागचा ब्रेक दाबून पुढचं चाक उचलायचं, बिथरलेल्या घोड्यासारखी तिला मागच्या पायावर उभी करायची आणि मिठी मारून दोघांनी एकदम आत शिरायचं. अडचण एवढीच, की उभी केल्यावर पुढचं चाक आपोआप वळतं आणि नेमकं बटणांच्या पट्टीवर टेकतं. एकतीसवरून फास्ट सुटलेली आमची लिफ्ट तिसापासूनच स्लो झाली. दर मजल्याला दार उघडायचं, समोर कोणी नसायचं, दार मिटायचं, चाक पुन्हा बटणं दाबायचं. एकोणिसाव्यावर हार-फुलांची पिशवी घेतलेल्या एक काकू उभ्या होत्या.

"या ना," मी सायकलीच्या सीटमागून म्हणालो.

"नको नको," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं व्हा पुढे."

गेटवर रजिस्टर. नाव, फ्लॅट नंबर, कंपनीचं नाव. मी कंपनीचा रकाना रिकामा सोडला. वॉचमनने तो बोटाने दाखवला.

"कंपनी नाही. माझीच सायकल आहे."

"डिलिव्हरी काय होती?"

"काहीच नव्हती."

"मग रिकामी सायकल घेऊन एकतिसाव्यावर कशाला गेला होतात?"

या प्रश्नात मुंबईचं सायकलशास्त्र आलं. शहरात सायकली कमी नाहीत. पहाटे पेपरवाल्याची येते, मग पाववाल्याची, मग भोंगा वाजवत इडलीवाल्याची. दुपारी सुऱ्यांना धार लावणारा स्टँडवर चढवलेल्या सायकलचं पॅडल मारत जागच्या जागी काही मैल जाऊन येतो. प्रत्येकाच्या सायकलीला काहीतरी टांगलेलं असतं. जिला काहीच टांगलेलं नाही आणि जिच्यावर डोक्याला टक्कल पडू लागलेला मराठी माणूस बसला आहे, अशी सायकल या शहराला कळत नाही.

पहिली परीक्षा मसाल्याच्या गल्लीत झाली. एप्रिल महिना, वर्षाचा मसाला करायचे दिवस. डंक धाडधाड चाललेले, हवेत संकेश्वरी आणि बेडगी. शिंक आली की माणसाची बोटं मिटतात, आणि बोटं ब्रेकवर असली की डिस्क ब्रेक लागतो. साध्या सायकलचा ब्रेक जरा विचार करून लागतो. हा शिंकेच्या आधी लागतो. त्यामुळे शिंक, थांबा, शिंक, थांबा, अशी गल्ली पार पडली. मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या बायकांपैकी एकीने नाकाला बांधायला फडकं देऊ केलं. दुसरी म्हणाली, "राहू दे गं, आत्ता बाहेर पडतोय."

चिंचपोकळीच्या अलीकडे एका चाळीच्या गॅलरीतून हाक आली, "ओ दादा, दोनशे दोनचं पार्सल ना? वर या, लिफ्ट नाही!" मी नाही म्हटलं तर त्यांनी फोन काढून खात्री केली, आणि तरीही माझ्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

या शहरात नवा रस्ता झाला की तो जमिनीवरून होत नाही, हवेतून किंवा पाण्यावरून होतो, आणि तिथे दुचाकीला मज्जाव असतो. २००९ चा सी लिंक, २०१३ चा फ्रीवे, २०२४ चे कोस्टल रोड आणि अटल सेतू, सगळीकडे तीच पाटी. जे. जे.चा उड्डाणपूलही दुचाकींना बंद. गचके, खड्डे, गटाराची झाकणं यांसाठीच शॉकअब्सॉर्बर लावलेल्या सायकलला खालचा रस्ता देणं हे एका परीने योग्यच म्हणायचं.

भायखळ्याला खडा पारशाजवळ दम खाल्ला. पुलाच्या दोन फाट्यांमध्ये उंच खांबावर शेठ करसेटजी माणेकजी उभे आहेत, खालून वाहनं वाहताहेत. पारशी पाहिला की मला ते सहा जण आठवतात. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. सहापैकी तिघांनीच फेरी पुरी केली: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून ते १९२८ च्या मार्चमध्ये परतले. लोक त्यांच्या धाडसाचं कौतुक करतात. मला त्यांच्या व्यवहारज्ञानाचं वाटतं. साडेचार वर्षं सायकल घरात कुठे ठेवायची हा प्रश्नच आला नाही.

माझ्यापुढे तो होता. दो टाकी, ग्रँट रोड, खेतवाडी हे सगळं हातगाड्यांच्या कृपेने पायीच झालं. संध्याकाळी मी आमच्या इमारतीच्या तोंडाशी पोहोचलो आणि घाट सुरू झाला.

आमचा जिना लाकडी. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, धरायला वरपासून खालपर्यंत सोडलेला दोरखंड, वळणावर एकच दिवा. एका खांद्यावर चौदा-पंधरा किलोंची सायकल, एका हातात दोरखंड. पॅडल पोटरीला, हँडल भिंतीला, भिंतीचा चुना डोक्यावर. दुसऱ्या माळ्यावरच्या आजींनी धडधड ऐकून दार किलकिलं केलं.

"कोण रे?"

"मी, आजी. तिसऱ्या माळ्यावरचा."

"काय नेतोयस?"

"ओळखा."

"खाली नेत असतास तर मी हात जोडले असते. वर नेतोयस, म्हणजे फ्रीज असेल."

घरी बायकोने सायकल नखशिखांत पाहिली. आमची खोली दहा बाय बारा, वर पोटमाळा, त्यात दिवाण, कपाट, शिलाईमशीन. "छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघांपैकी कोण झोपणार आत?"

रात्री ती गॅलरीत राहिली. म्हणजे सायकल. आमच्या गॅलरीला म्हाडाने लोखंडी टेकू लावलेत, त्यातल्या एकाला साखळी घालून कुलूप लावलं. सकाळी चाळ कमिटी हजर. एक म्हणाले, टेकू म्हाडाचा आहे, खासगी वाहनासाठी नाही. दुसरे म्हणाले, उद्या कोणी सायकल ओढली तर टेकू येईल, टेकूबरोबर गॅलरी येईल, गॅलरीबरोबर आम्ही. तिसऱ्यांचं म्हणणं असं, की आज सायकल, उद्या कोणी म्हैस बांधेल. सायकल हलवण्याचा ठराव झाला. कुठे हलवायची याचा झाला नाही.

जिन्याखाली जागा आहे, असं तुम्ही म्हणाल. गिरगावात जिन्याखालची जागा रिकामी असते असं समजणारा माणूस उपनगरातला. आमच्या जिन्याखाली पाण्याचा पंप आहे, विजेचे मीटर आहेत, इस्त्रीवाला आहे, आणि उरलेल्या जागेत मंडळाचं सामान: मखराच्या फळ्या, ढोलकी, कॅरम बोर्ड, २० फुटी कमानीचे बांबू. मंडळाची पोरं मोठ्या मनाची. "काका, पाटपूजनापर्यंत ठेवा," म्हणाली. "मग बांबू बाहेर, सायकल बाहेर. विसर्जनानंतर बघू. नवरात्रात बाकी जमणार नाही. दिवाळीला कंदिलाचं सामान येतं."

मधल्या काळात तिला एकदा डोंगर दाखवून आणला. आमच्या बाजूचा डोंगर म्हणजे मलबार हिल, उंची जेमतेम ५० मीटर. रविवारी पहाटे चौपाटीवरून तीन बत्तीकडे चढलो. चोवीस गिअरपैकी दोन वापरले, बाकीचे अजून कोरे आहेत. वर कमला नेहरू पार्काजवळ फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी थांबवून ताज्या पावाचा भाव विचारला. उतार संपायला काही मिनिटंच लागली. पुन्हा तिसऱ्या माळ्यावर चढवायला त्याहून जास्त.

तोडगा शेवटी चर्नी रोड स्टेशनाबाहेर सापडला. डबेवाल्यांच्या सायकली तिथे भिंतीला टेकून उभ्या असतात, भरलेल्या डब्यांसकट, राखणीला माणूस नाही. एका डबेवाल्याने माझी कर्मकहाणी ऐकून घेतली आणि सायकलीभोवती एक चक्कर मारली.

"दादा, तुम्ही हिला उगाच वर चढवता. खाली ठेवा. फक्त हँडलला दोन डबे टांगा."

"रिकामे?"

"उघडून कोण बघतंय?"

टांगले. त्या दिवसापासून सायकल इमारतीच्या तोंडाशी, रस्त्यावर उभी आहे. कमिटी बोलत नाही, पोलीस उचलत नाहीत, चोर ढुंकून पाहत नाही. लालबागच्या टॉवरात गेलो तर वॉचमन स्वतःहून लिफ्टचं बटण दाबतो. त्रास एकच. इमारतीतले दोन ब्रह्मचारी, समोरच्या बँकेतला एक कॅशिअर आणि पंपाचा मेकॅनिक यांनी महिन्याचा दर विचारला आहे, आणि कॅशिअर तर ॲडव्हान्स द्यायला निघाला होता.

तेव्हा गिरगाव, ठाकूरद्वार किंवा खेतवाडीत कोणाकडे तळमजल्यावर सहा बाय दोनची कोरडी जागा असेल तर कृपया कळवावं. भाडं वेळेवर मिळेल. डबा लावण्याबाबत चौकशी करू नये.