कुरकुर न करता

फिरता प्रेषित दारात आला तर प्रभूच आला असं समजून त्याला घरात घ्यावं. एक दिवस ठेवून घ्यावं, फारच अडचण असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही, तर तो खोटा संदेष्टा! हा नियम 'दिदाखे' या फार जुन्या ग्रीक पुस्तिकेतला. बहुतेक अभ्यासक ती पहिल्या शतकाच्या अखेरीची मानतात. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्यावी, आणि त्याने पैसे मागितले तरीही तो खोटाच. आरंभीचे ख्रिस्ती लोक भोळेभाबडे होते, असा ज्यांचा समज आहे त्यांनी ही पुस्तिका जरूर चाळावी.

पाहुण्यांसाठी वेळ नाही, ही अडचण आपल्याच पिढीवर कोसळली आहे असं वसईतल्या नोकरदार ख्रिस्ती जोडप्याला वाटतं. सकाळी चर्चगेटची लोकल, संध्याकाळी विरार लोकलमधलं लोंबकळणं, मधे ऑफिस. त्यात पाहुणा बसवायचा कुठे? पण पेत्राच्या पहिल्या पत्रात पाहुणचाराचा उपदेश आहे, आणि त्याला कुरकुर करू नका अशी पुस्तीही जोडलेली आहे. ज्या अर्थी पुस्ती, त्या अर्थी कुरकुर होतीच. तीही विरार लोकल नसताना.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिचं 53 वं प्रकरण खास पाहुण्यांवर आहे. पाहुणा म्हणजे साक्षात ख्रिस्त, ही सुरुवात. पुढे मात्र लिहिणाऱ्याने बरेच पाहुणे झेललेले दिसतात. मठात पाहुण्यांना खंड नसतो आणि ते अवेळीच येतात. म्हणून त्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवा, तिथे दोन जणांना वर्षभरासाठी नेमा, आणि गरज पडली तर मदतनीस द्या. मदतनीस कशासाठी? कुरकुर न करता सेवा व्हावी म्हणून! पाचशे वर्षांत दुखणं तेच राहिलं. बेनेडिक्टनी उपदेशाऐवजी माणूसबळ वाढवलं, हा त्यांचा मोठेपणा. इतर मठवासीयांना तर पाहुण्यांशी बोलायलाही मनाई होती. ही सोय वन बीएचकेत कोण देणार?

जागेची सबबही जुनीच. ख्रिस्ती धर्मशाळा निघाल्या, तसा परक्या माणसाला घरी घेण्याचा उत्साह ओसरू लागला. तेव्हा संत जॉन क्रिसोस्तम यांनी श्रोत्यांना सुनावलं, की घरात एक खोली ख्रिस्तासाठी राखा; वर नको असेल तर खाली, जिथे खेचरं बांधता तिथे चालेल. आजच्या हिशेबात हे पार्किंग झालं. सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी क्रिसोस्तमना काढावी लागली नव्हती.

वसईच्या वाड्यांत पाहुण्याला टेकायला निदान ओटा असे. नाताळात नेवऱ्या, कलकलांची ताटं शेजारीपाजारी आजही जातात. पण आधी 'घरी आहात ना?' असा फोन होतो, आणि उत्तर 'नाही' आलं तर दोन्हीकडे थोडं हायसंच वाटतं. येशू घरी आला असताना रांधण्यात गुंतलेली मार्था आणि त्याचं ऐकत बसलेली तिची बहीण मरिया यांच्यावरचं रविवारचं प्रवचन सर्वांत अस्वस्थपणे ऐकते ती, जिचं इंदेल घरी अर्धवट शिजलेलं असतं.

आणि मग एखाद्या संध्याकाळी बोरिवलीहून नवऱ्याचा फोन येतो: "अगं, दोघं येतायत. फक्त चहा." या वाक्याचा मूळपुरुष अब्राहाम. मम्रेच्या झाडांखाली भर उन्हात तीन अनोळखी माणसं दिसली, तेव्हा भाकरीचा तुकडा आणतो, एवढंच तो त्यांना म्हणाला. तंबूत शिरल्याबरोबर साराला सांगितलं, तीन मापं सपीठ मळ, लवकर. तीन मापं म्हणजे वीसेक लिटर पीठ! शिवाय कोवळं वासरू. जेवणं झाल्यावर पाहुणे बोलत असताना सारा तंबूच्या दाराआड हसली. म्हातारपणी मुलगा होणार हे ऐकून हसली, असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. एवढं पीठ मळल्यावर ती कशालाही हसली असती.