टूलरूमकाका आणि बुधवारची टर्की

आकुर्डी स्टेशनकडून प्राधिकरणात शिरलं की कुठल्याही सेक्टरमध्ये एखादा टूलरूमकाका सापडतोच. त्याचं घर विचारत जावं लागत नाही. ज्याचं फाटक कुरकुरत नाही, नळ टपकत नाही आणि तुळशीवृंदावन पाणसळ लावून बसवलेलं आहे, ते त्याचं. एखाद्या वाहन कारखान्यात तीसेक वर्षं जिग-फिक्स्चर करून तो निवृत्त झालेला असतो. कंपनीने शाल, श्रीफळ आणि घड्याळ देऊन घरी पाठवलं, तर त्याने घरी येऊन नवी कंपनी काढली. कामगार एकच, काकू. तिची युनियन मात्र फार मजबूत.

जन्मभर मायक्रॉनमध्ये वावरलेल्या या माणसाला 'अंदाजे' हा शब्द सहन होत नाही. आमच्या गल्लीतल्या काकांनी एकदा पाककृतीचं पुस्तक उघडलं आणि 'मीठ चवीपुरतं' वाचून लगेच मिटलं. "टॉलरन्स दिलेला नाही," म्हणाले.

त्यांना स्वयंपाकाकडे वळवलं ते मिशिगनमधल्या मुलाने. तो तिकडे गाड्यांच्याच धंद्यात. नोव्हेंबर आला की अख्खी टर्की भाजून फोटो पाठवणार. तिथे थँक्सगिव्हिंगचा वार ठरलेला. १९४१ साली अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. गुरुवार म्हटल्यावर काकूंनी कपाळावर हात मारला. आमच्या घरांतून गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी अंडंसुद्धा ओट्यावर येत नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "अगं आई, आम्ही संध्याकाळी साडेपाचला जेवायला बसतो, तेव्हा तुमच्याकडे शुक्रवारचे पहाटेचे चार वाजलेले असतात." काकूंनी ते तेवढ्यापुरतं मान्य केलं.

आता इथला पेच बघा. आमच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. कुणाची सुट्टी कधी, हे इथे विजेच्या हिशोबाने ठरलं. म्हणजे अख्ख्या पट्ट्यातला कामगार ज्या एका दिवशी मोकळा, त्याच दिवशी त्याच्या ताटात वरणभात. यावर पिंपरी-चिंचवडने काढलेला तोडगा म्हणजे बुधवारची रात्र. काय शिजवायचं ते बुधवारी, आणि बाराच्या आत.

मुलाने टर्की भाजली म्हटल्यावर बापाने ती त्याच्याहून सरस भाजणं ओघाने आलंच. काकांनी आधी कुदळवाडीच्या भंगारात दोनशे लिटरची बॅरलं पालथी घातली. ऑइलचं नको, केमिकलचं तर नकोच. शेवटी आंब्याच्या पल्पचं एक बॅरल पसंत पडलं. त्यात पल्प वेगळ्या पिशवीत भरलेला असतो, त्यामुळे आतला पत्रा स्वच्छ. जीआयचे नटबोल्ट दुकानदाराला परत केले, तापले की जस्ताचा धूर सुटतो म्हणून. हवेसाठी तळाला झडपा, वर धुराडं, मांडीत खुपसायला भट्टीवरचा थर्मोकपल. जळणाला बाभळीचा कोळसा आणि धुरासाठी आंब्या-पेरूची ढलपी. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या एका मित्राने फुकट देऊ केल्या. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो त्या गुपचूप परत घेऊन गेला. चेतक स्कूटर याच आकुर्डीत २०२२ पासून विजेवर बनू लागली आहे, काका मात्र उलट दिशेने कोळशावर पोचले.

पण खरा जीव गुंतला होता तो स्टँडमध्ये. स्टेनलेसची तीन पायांची बैठक, मधोमध उभा सांगाडा, खाली चरबी झेलायला ताटली. पक्षी त्यावर उभा चढवायचा, तंगड्या खाली, मान वर. "आडवा ठेवला की छाती आधी शिजून कोरडी पडते आणि मांडी मागे राहते," काका कंपाउंडच्या भिंतीवर खडूने आकृती काढत समजावत होते. "उभा केला की मांड्या निखाऱ्याजवळ, छाती लांब. वरची चरबी ओघळत खाली येते, आणि पोट पोकळ असल्यामुळे धूर आतूनही वर चढतो." आकृतीखाली त्यांनी ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि तारीख लिहिली. सही केली. 'तपासले' या रकान्यात कुणाची तरी सही हवी म्हणून माझी घेतली.

आधी ब्रॉयलरचा पायलट लॉट झाला. तो पास झाल्यावर चाकणच्या बाजूच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून साडेपाच किलोची साफ केलेली टर्की आली. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली. काकूंनी लोणी आणि कराडहून आलेला कांदा-लसूण मसाला सढळ हाताने चोळला, किती चोळला हे विचारायला आलेल्या काकांना "पुरेसा" एवढंच सांगितलं. बुधवारी संध्याकाळी साडेसातला ती स्टँडवर चढली. पंखांची टोकं मागे दुमडलेली, छाती पुढे, डोक्याविना का होईना पण ग्रुप फोटोला उभी राहिल्यासारखी.

प्लॅन होता साडेअकराला डिस्पॅचचा. बॅरलमध्ये एकशेवीस अंश आणि मांडीत, हाडाला न टेकता, चौऱ्याहत्तर. पण पाहुणे सगळे कंपनीतलेच. जो येईल तो सवयीने झाकण उचलून इन्स्पेक्शन करायचा, आणि प्रत्येक वेळी आतली आच उडून जायची. नवाच्या सुमारास काकांनी झाकणाला लॉक-आउटचं कुलूप घातलं, 'हात लावू नये' असा लाल टॅग अडकवला आणि किल्ली बनियनच्या आत टाकली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी वाळत घातलेले कपडे बडबडत आत घेतले. त्यांचे यजमान मात्र खाली उतरले ते वर गेलेच नाहीत.

अकराला एकसष्ट. सेकंड शिफ्ट सुटलेले तिघे बाइकवरून थेट येऊन पोचले. साडेअकराला सहासष्ट. पावणेबाराला कुणीतरी म्हणालं, "काका, डेव्हिएशनवर पास करा." काका म्हणाले, "कच्ची कोंबडी डेव्हिएशनवर जात नाही." बाराला एकाहत्तर.

बारा वाजले आणि परसात शांतता पसरली. गुरुवार लागला होता. दोघांनी तर हेल्मेटं उचलली.

"बसा रे," काका म्हणाले. "थर्ड शिफ्टचं प्रॉडक्शन कुठल्या तारखेला धरतात?"

"आदल्या," सगळे एका सुरात.

"का?"

"पद्धतच आहे, काका."

"पंचांगाचीही तीच पद्धत. वार सूर्योदयाला बदलतो. उद्याचा सूर्य उगवेपर्यंत बुधवारच." कंपनी आणि पंचांग यांचं कुठल्या तरी गोष्टीवर एकमत होतं, हे ऐकून मंडळींना गहिवरून आलं. हेल्मेटं खाली ठेवली गेली. बारा वीसला चौऱ्याहत्तर लागलं, कुलूप निघालं. टर्की वर आली ती पिकल्या चिक्कूच्या रंगाची, आणि पाटावर ठेवून वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही, असाही नियम निघाला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "अहो, म्हणजे शुक्रवारी पहाटे चारलासुद्धा गुरुवारच की."

काकांच्या हातातली सुरी थांबली. मिशिगनचा हिशोब त्यांच्या ध्यानात आला होता. "तो एक्स्पोर्टचा माल आहे," ते चाचरत म्हणाले. "तिथे बनतो, तिथलीच तारीख धरायची."

"तिथली तारीख कुठली?"

"गुरुवार."

तिघा सेकंड शिफ्टवाल्यांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. काकूंनी ताट पुढे केलं. "ती तंगडी मला वाढा, बुधवार आहे तोवर. पोराचं मी बघते."