बिअर बाटली

2015 च्या जानेवारीत एका सकाळी आमच्या ऑफिसच्या किचनमध्ये माणसं कॉफीच्या मशीनभोवती अशी उभी होती, की ‘किती वाजता काढणार?’ एवढंच विचारायचं राहिलं होतं. कोणी गेलं नव्हतं. एलिझियन ही सिअ‍ॅटलची लाडकी ब्रुअरी अ‍ॅनहॉयझर-बुशने, म्हणजे बडवायझरवाल्यांनी, विकत घेतली होती.

एलिझियन तिघा भागीदारांची. 1996 मध्ये कॅपिटल हिलवर, पाइक स्ट्रीटला त्यांचा पहिला पब निघाला. त्यांचं भोपळ्याचं वेड जगावेगळं. दरवर्षी भोपळ्याच्या बिअरची जत्रा भरवायची, भलाथोरला भोपळा कोरून त्यात बिअर ओतायची आणि त्यालाच तोटी ठोकायची. आपल्याकडे भोपळ्यात म्हातारी बसते, इथे बिअर.

पण दुःखाला फोडणी दिली ती एका लेबलने. सब पॉप या सिअ‍ॅटलच्या रेकॉर्ड कंपनीला 2008 मध्ये वीस वर्षं झाली, म्हणून एलिझियनने ‘लूझर’ नावाची बिअर काढली होती. तिच्यावर छापलं होतं, की कॉर्पोरेट बिअर अजूनही भिकारच असते. रॉकगायक कर्ट कोबेनने 1992 मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठासाठी फोटो काढताना टी-शर्टवर कॉर्पोरेट मासिकांबद्दल असंच लिहिलं होतं, त्याची ही सुधारित आवृत्ती. आता तीच बाटली बडवायझरच्या मालकीची! आमच्या एका सहकाऱ्याने घरच्या फ्रीजमधली एक बाटली आणून टेबलावर ठेवली. सगळ्यांनी ती आळीपाळीने हातात घेतली, मजकूर वाचला आणि सुस्कारा सोडून पुढच्याकडे दिली. (सब पॉपचाही 49 टक्के हिस्सा 1995 पासूनच वॉर्नरकडे गेलेला होता, हे मी बोललो नाही. सुतकाच्या घरी असलं काढू नये.)

मला गंमत वाटली ती रडणाऱ्यांची. तिथे उभा असलेला एकूण एक माणूस लाखभर नोकरांच्या कंपनीत कामाला आणि पगारापेक्षा शेअरच्या भावावर डोळा ठेवून. त्यातल्या निम्म्यांचं स्वप्न काय? चार जणांनी गॅरेजात काहीतरी सुरू करायचं आणि पाच-सहा वर्षांत ते गूगलने नाहीतर फेसबुकने विकत घ्यायचं. त्याला इथे ‘एक्झिट’ म्हणतात आणि केक कापतात. आमच्यातल्या एकाच्या मित्राची कंपनी नुकतीच अशी गेली होती, तेव्हा ‘भाव काय मिळाला?’ एवढाच प्रश्न होता. ‘आत्मा विकला’ असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणजे आपण विकलं तर एक्झिट, बिअरवाल्याने विकलं तर गद्दारी! त्याने मात्र जन्मभर रबरी बूट घालून टाकीतला चोथा फावड्याने उपसत राहायचं, बँकेचे हप्ते फेडायचे. का? तर शनिवारी आम्हाला ‘लोकल’ प्यायल्याचं पुण्य लागावं म्हणून.

त्या वीकेंडला आम्ही मराठी मंडळी पाइक स्ट्रीटला समाचाराला गेलो. ‘स्पेस डस्ट’ मागवली. आमच्यातल्या नागपूरकराने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, ‘‘चव गेली ना बे याची.’’ झालं! मग एकाला हॉप्सचा कडवटपणा उतरल्यासारखा वाटला, दुसऱ्याला फेस पातळ लागला, तिसऱ्याने पाणी वाढवलंय इथपर्यंत मजल मारली. आता अशी बिअर तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे समोरचा ग्लास नववर्षाच्या आसपास, जुन्याच मालकांनी शिजवलेला. करारही नुसता जाहीर झाला होता, सह्याशिक्क्यांचं काम बाकी होतं. मी हे सगळं समजावून सांगितल्यावर नागपूरकर शांतपणे म्हणाला, ‘‘बिअरले मालूम पडलं असन ना बे.’’ यावर रसायनशास्त्राकडे उत्तर नाही.

1993 मध्ये रमेश चौहानांनी थम्स अप कोका-कोलाला विकलं, तेव्हा आमच्या तीर्थरूपांनीही पहिल्याच घोटाला ‘पूर्वीचा ठसका राहिला नाही’ असा निकाल दिला होता. बाटली वाण्याकडच्या जुन्या क्रेटमधली होती.

सिअ‍ॅटलकरांना तर हा सराव जुनाच. 1994 मध्ये इथल्याच रेडहुक ब्रुअरीने आपला पाव हिस्सा याच अ‍ॅनहॉयझर-बुशला दिला, तेव्हा गावाने तिचं ‘बडहुक’ असं नवं बारसं केलं. हिस्सा पाव, टोमणा मात्र अख्खा.

पण या प्रकरणातला सर्वोत्तम विनोद आमच्यापैकी कोणालाच सुचला नाही. तो बडवायझरने स्वतः केला. 1 फेब्रुवारीला सुपर बोल, आमची सीहॉक्स टीम फायनलला, गाव टीव्हीसमोर. मध्येच बडवायझरची जाहिरात लागली. सार असं, की आमची बिअर ही प्यायची बिअर आहे, हुंगत बसायची नव्हे. ज्यांना चोखंदळपणा मिरवायचाय त्यांनी आपली भोपळा-पीच एल घोट घोट घ्यावी. आता भोपळा आणि पीच एकत्र घालून बिअर करण्याचा उद्योग कोणी केला होता? एलिझियनने! जिला घेतल्याची घोषणा होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तिचीच टिंगल कंपनीने साऱ्या अमेरिकेसमोर पैसे मोजून केली. एवढ्या मोठ्या कंपनीत डाव्या हाताने काय विकत घेतलं हे उजव्याला कळत नाही, हे आम्हा नोकरदारांना सांगायला नको. त्याच सामन्यात शेवटी एक यार्ड बाकी असताना सीहॉक्सने पळायचं सोडून पास टाकला आणि तो न्यू इंग्लंडच्या खेळाडूने झेलला. नागपूरकराने त्या रात्री फक्त पासचं दुःख केलं. त्यासाठी काय प्यायला? फ्रीजमध्ये होती ती.

खरं सुतक एकट्यालाच होतं. तिघा भागीदारांतला डिक कँटवेल, मूळचा ब्रुअर, विक्रीच्या विरोधात होता, पण दोघांपुढे एकाचं चाललं नाही. काही महिन्यांत राजीनामा देऊन तो बाहेर पडला. 2017 मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोतली मॅग्नोलिया ही ब्रुअरी घेतली. भागीदार म्हणून बेल्जियममधली एक छोटी ब्रुअरी आणि कोलोरॅडोची न्यू बेल्जियम. या न्यू बेल्जियमची मालकी शंभर टक्के तिथल्या कामगारांची, क्राफ्टवाल्यांत याहून सोवळं स्थळ मिळणं कठीण. 2019 च्या अखेरीला न्यू बेल्जियमही विकायला निघाली, जपानच्या किरिन समूहातल्या कंपनीला. कामगारच मालक, त्यामुळे रीतसर मतदान घ्यावं लागलं. शेअर ज्याचे त्याच्या खात्यावर होते. ठराव मंजूर झाला.